शोपँची रेकॉर्डिंग्ज ताडून बघताय? या चुका टाळा

‘अमक्याचं भारी की तमक्याचं?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, दोन्ही ऐकताना आवाज किती ठेवला होतास? बहुतेक वेळा समोरचा गोंधळतो. पियानो ऐकायला लागून महिना होत नाही तोवर लोक शोपँ, शुमान, लिस्ट या संगीतकारांच्या रचना वाजवणाऱ्यांना क्रमांक देऊ लागतात. द्या बापडे, पण निदान आवाज तरी सारखा करून घ्या.

दोन रेकॉर्डिंगांपैकी एक किंचित मोठ्यानं लागलं, तर कानाला ते ‘मोठं’ असं जाणवत नाही. ते ‘जिवंत’ वाटतं. खर्ज भरदार, पियानो जवळ, वादक जीव ओतणारा. एखाद्या डेसिबलचा फरकही निवाडा फिरवायला पुरतो.

पुण्यात एका मित्राकडे आम्ही काही जण अधूनमधून ऐकायला जमतो. एकदा तिथं एक हौशी तरुण शोपँचं जी मायनर बॅलड (पियानोवरची एक दीर्घ रचना) तीन वादकांचं घेऊन आला. कुठून कुठून उतरवलेल्या फायली, त्यानं एकापाठोपाठ एक लावल्या. तिसऱ्यावर सगळे फिदा. ‘काय पोटतिडकीनं वाजवलंय!’ एकानं तर पहिल्या वादकाला कारकून ठरवून टाकलं. मी उठलो, तिसऱ्याचा आवाज पहिल्याच्या पातळीला आणला आणि क्रम बदलून, नावं न सांगता दोन्ही पुन्हा लावली. आता पोटतिडीक कारकुनाकडे गेली! तरुण म्हणाला, ‘पण काका, आवाज कमी केल्यावर मजाच जाते ना.’ अरे, मग तुला आवडला तो आवाज, वादक नव्हे. हे त्याला चहा येईपर्यंत पटलं नव्हतं. नंतर पटलं की नाही, मी विचारलं नाही.

माझी सवय सांगतो. या बॅलडमध्ये ६८व्या बारपासून (बार म्हणजे छापील स्वरलिपीतला ठरावीक मात्रांचा एक खंड) दुसरी मुख्य धून सुरू होते, ई फ्लॅट मेजरमध्ये, अगदी दबक्या आवाजात. तिथं दोन्ही रेकॉर्डिंगांचा आवाज जुळवायचा आणि मग बटणाला हात लावायचा नाही. तीच धून १०६व्या बारला ए मेजरमध्ये पूर्ण ताकदीनं परत येते. या दोन जागांमध्ये वादकानं किती अंतर राखलंय, ते तेव्हा कळतं. काही जण सर्वात जोरकस जागी आवाज जुळवतात. मला ते पटत नाही, कारण जुन्या मुद्रणात नेमकी तीच जागा दबलेली किंवा फाटलेली असते. आणि हो, फोनमधले आवाज ‘सुधारणारे’ सगळे पर्याय आधी बंद करा.

दुसरं दुखणं घड्याळाचं. एक्सेलमध्ये तक्ता करायचा, मिनिटं-सेकंद मांडायचे आणि ज्याचा वेळ कमी तो ‘तडफदार’. शोपँच्या दुसऱ्या सोनाट्यात हे हमखास तोंडावर आपटतं. पहिल्या भागातली मांडणी, म्हणजे मुख्य धुना पहिल्यांदा येतात तो तुकडा, पुन्हा वाजवायची खूण आहे. कुणी ती पाळतं, कुणी सरळ पुढं जातं, आणि तेवढ्यानं वेळेत मोठा फरक पडतो. पाळणाऱ्यांतही दोन पंथ आहेत. कुणी पाचव्या बारपासून उचलतं, तर कुणी अगदी सुरुवातीच्या संथ चार बारपर्यंत मागं जातं. पाचव्या बारची खूण ही छपाईतली चूक आहे, असं पियानोवादक आणि लेखक चार्ल्स रोझेननं मांडलं होतं. तुमच्या तक्त्यात यातलं काय दिसतं? काहीच नाही. शिवाय मैफलीतल्या टाळ्याही बऱ्याचदा त्याच वेळेत मोजलेल्या असतात.

जुन्या तबकड्यांत आणखी एक खोच आहे. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणतात, पण सगळ्या काही तंतोतंत ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. उतरवून घेणाऱ्यानं वेग चुकवला की सूर आणि लय दोन्ही एकदम चढतात किंवा उतरतात. सूर अर्धा स्वर चढला तर वेग जवळपास ६ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे दहा मिनिटांची रचना अर्धा मिनिट आधीच आटोपते आणि आपण ‘जुन्या लोकांत काय दम होता’ म्हणून उसासे टाकतो. गिटारवाले वापरतात ते ट्यूनरचं ॲप घ्या. जी मायनर बॅलड सी या स्वरानं सुरू होतं. ॲप सी शार्प दाखवत असेल, तर त्या फायलीवरून लयीचा निवाडा करू नका.

‘रुबिनस्टाइनच्या माझुर्का’ असं नुसतं म्हणू नका. या पियानोवादकानं शोपँच्या या नृत्यरचना तीनदा मुद्रित केल्या: १९३८–३९, १९५२–५३ आणि १९६५–६६. साल सांगा. ॲपवर दिसणारं साल बरेचदा पुनर्प्रकाशनाचं असतं, तेही तपासा.

पियानो रोल म्हणजे तबकडी नव्हे. कागदाला भोकं पाडून साठवलेलं वादन आज कुठल्या तरी पियानोवर कुणीतरी पुन्हा वाजवून घेतलेलं असतं. त्यावरून वादकाचा स्पर्श जोखू नका.

प्रत्येकाचा पहिला अर्धा मिनिट ऐकून निकाल देणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

नाव आधी वाचून ऐकणं मात्र सोडाच. जॉयस हॅटो या इंग्रज पियानोवादिकेच्या नावावर शंभराहून जास्त सीडी निघाल्या. आजारपणामुळे मंचापासून दूर गेलेल्या या बाईंचं समीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं. २००७मध्ये उघड झालं की ती इतरांची रेकॉर्डिंग्ज होती. लिस्टच्या एट्यूड्सची (सरावरचनांची) सीडी संगणकात घातली, तर पडद्यावर लास्लो शिमोन या दुसऱ्याच वादकाचं नाव आलं, आणि तिथून धागा सापडला. काही ठिकाणी तर लयही यंत्रानं ताणलेली किंवा आवळलेली होती. म्हणून आमच्याकडे आता फायलींना नुसते क्रमांक असतात आणि नावांची चिठ्ठी यजमान मित्राच्या खिशात.

डावा हात जरा आधी, उजवा मागून पडला की नवे लोक ‘हात जुळत नाहीत’ म्हणतात. पाख्मान, पादेरेव्हस्की या जुन्या पियानोवादकांच्या पिढीची ती जाणूनबुजून केलेली शैली होती. तेच जादा स्वरांचं. कोचाल्स्की या पियानोवादकानं १९३८मध्ये शोपँचं ओपस ९ मधलं ई फ्लॅट मेजर नॉक्टर्न (एक शांत, गेय रचना) वाजवताना घेतलेल्या हरकती छापील प्रतीत सापडत नाहीत, म्हणून त्या मनानं घातलेल्या ठरत नाहीत. त्याचा गुरू मिकुली खुद्द शोपँचा शिष्य होता. आणि जी मायनर बॅलडच्या सातव्या बारमध्ये एक स्वर कानाला खुपला, तर वादकाचं बोट घसरलं असं धरून चालू नका. फ्रेंच आवृत्तीत तिथं ई फ्लॅट आहे, जर्मन आवृत्तीत डी. त्याच्यासमोर कुठली प्रत होती, ते आधी बघा.