खाडी की उपसागर, हवा की हवामान? भूगोलाच्या शब्दांतल्या या चुका टाळा

मराठीत ‘बंगालची खाडी’ लिहिली, की ती हिंदीतून उचलली आहे हे लगेच कळते. हिंदीतली ‘खाड़ी’ उपसागरालाही चालते आणि आखातालाही. मराठीत खाडी म्हणजे भरतीचे पाणी नदीच्या मुखातून जिथवर आत चढते तो चिंचोळा भाग. ठाण्याची खाडी असते. बंगालचा मात्र उपसागर, आणि पर्शियन आखात.

मग आखात आणि उपसागर यांत फरक काय? आखात जमिनीत खोलवर शिरलेले, उपसागराचे तोंड रुंद, एवढे ढोबळमानाने धरा. नावावर फार विसंबू नका, कारण ही नावे नियम ठरण्याआधीच पडलेली आहेत. हडसनचा ‘उपसागर’ बहुतेक सगळीकडून जमिनीने वेढलेला आहे. कॅस्पियन ‘समुद्र’ तर सरोवरच! त्याची पातळी समुद्रसपाटीच्या सुमारे 29 मीटर खाली असल्याने त्यातून नदी बाहेर पडून समुद्राला मिळणे शक्यच नाही.

नदी समुद्राला मिळते तिथे त्रिभुज प्रदेश असणारच, हेही गृहीत धरू नका. नर्मदा आणि तापी खंबातच्या आखाताला मिळतात, पण तिथली जोरदार भरती-ओहोटी गाळ साचू देत नाही. तिथे खाडीमुखे आहेत. आकृती काढताना त्रिकोण उलटा पडतो, ही आणखी एक नेहमीची चूक. त्याचे टोक नदीच्या वरच्या बाजूला आणि पाया समुद्राकडे हवा. त्या टोकापासून फुटून समुद्राकडे जाणाऱ्या फाट्यांना वितरिका म्हणतात. यमुना गंगेत पाणी आणते म्हणून उपनदी. हुगळी गंगेचे पाणी घेऊन निघते म्हणून वितरिका. शंका आली तर प्रत्येक फाट्यावर प्रवाहाचा बाण काढा. बाण मुख्य नदीकडे वळला तर उपनदी, तिच्यापासून दूर गेला तर वितरिका. डावा-उजवा काठ ठरवताना तोंड प्रवाहाच्या दिशेला करायचे, नकाशाच्या उत्तरेला नाही.

बाणांचा खरा गोंधळ होतो तो वाऱ्यांत. वाऱ्याला नाव मिळते ते जिथून येतो त्या दिशेचे, म्हणून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा बाण ईशान्येकडे जातो. सागरी प्रवाहाची दिशा सांगताना मात्र तो कुठे चालला आहे ते सांगतात. एकाच पाण्यावर ‘पश्चिमी वारे’ आणि ‘पूर्वेकडे वाहणारा प्रवाह’ असे दिसले, तर नकाशा चुकलेला नाही. दोघेही एकाच दिशेला चालले आहेत.

हवा म्हणजे ठरावीक वेळची, ठरावीक जागची वातावरणाची स्थिती. हवामान म्हणजे तिची दीर्घकालीन सरासरी. जागतिक हवामान संघटना त्यासाठी 30 वर्षे धरते, सध्या 1991 ते 2020. घोटाळा रोजच्या बोलण्यातला आहे: ‘हवामान अंदाज’ म्हणून आपण ऐकतो ती उद्याची हवाच असते. ‘आज हवामान ढगाळ आहे’ हे बोलताना खपते, उत्तरपत्रिकेत खपत नाही. वाक्यात आज, काल, दुपारी असे काही आले की ‘हवा’ लिहा.

वाळवंट या शब्दातली वाळूच चकवते. निकष वृष्टीचा आहे: वर्षाला साधारण 250 मिमीहून कमी. त्यामुळे बर्फाने झाकलेले अंटार्क्टिका हे जगातले सर्वांत मोठे वाळवंट ठरते. इथे ‘पाऊस’ लिहू नका. हिम आणि गारा हीसुद्धा वृष्टीच.

आर्द्रतेत सगळ्यात जास्त लोक अडकतात. पहाटे सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावेल त्याच्या किती टक्के बाष्प आहे ते प्रमाण, 100 टक्के होती, दुपारी 57 झाली. मग बाष्प गेले कुठे? कुठेच नाही. 20 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 17.3 ग्रॅम बाष्प मावते, 30 अंशांना सुमारे 30.4 ग्रॅम. बाष्प तेवढेच राहिले, धारणक्षमता वाढली, 17.3 भागिले 30.4, म्हणजे जवळपास 57 टक्के. म्हणून सापेक्ष आर्द्रता लिहिताना तापमान सोबत द्या. दवाचा हिशेबही हाच. तीच 57 टक्क्यांची हवा रात्री गवताच्या पात्याला टेकून 20 अंशांखाली गेली, की जादाचे बाष्प पात्यावरच थेंब होऊन बसते. दव ‘पडले’ असे आपण म्हणतो खरे, पण ते वरून पडत नाही.