स्टेज बांधण्याआधी वस्तीच्या गोष्टी ऐका

वस्तीत नाना ठिकाणची माणसं राहतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. यावर काही करायचं ठरलं की मंडळी आधी स्टेज बांधायला घेतात. प्रत्येक समाजाचा एक नाच, एक गाणं, शेवटी सगळ्यांचा फोटो. अशा वस्त्यांमध्ये गोष्टी गोळा करायचं काम मी करते आणि माझा आग्रह असतो, की स्टेज सगळ्यात शेवटी. एरवी जो तो आपल्या गटाला टाळ्या वाजवून घरी जातो.

पहिला प्रश्न नीट निवडा. ‘तुमच्या संस्कृतीबद्दल सांगा’ म्हटलं की समोरचा माणूस समाजाचा प्रवक्ता होतो आणि ठरावीक चार वाक्यं बोलतो. त्यापेक्षा विचारा, इथे आल्यावर पहिली मदत कुणी केली? किल्ली घरात राहिली तर कुणाचं दार वाजवता? या किल्लीच्या प्रश्नावर माझा फार भरवसा आहे. तोवर ‘हो’, ‘नाही’ एवढंच बोलणाऱ्या बाई शेजारणीचं नाव सांगतात, तिच्याकडे ठेवलेल्या जादा किल्लीबद्दल बोलतात, ती आजारी होती तेव्हाचं आठवतात. शेजारीण दुसऱ्या भाषेची निघाली तर पुढची बैठक दोघींची एकत्र लावा. न्यूयॉर्कमध्ये २००३ साली सुरू झालेल्या स्टोरीकॉर्प्स या लोकांच्या गोष्टी रेकॉर्ड करणाऱ्या उपक्रमाची रीत अशीच आहे. ओळखीची दोन माणसं सुमारे ४० मिनिटं एकमेकांशी बोलतात, मदतनीस रेकॉर्डिंग सांभाळतो.

दुभाषा लागला तर घरातलं मूल बसवू नका. लेकरासमोर आई सगळं बोलत नाही. परवानगी आधी घ्या आणि बोलणं झाल्यावर पुन्हा विचारा. कुणी ‘हे काढा’ म्हणालं तर त्यांच्यासमोरच काढा. घरच्या जाचातून निघून आलेल्या बाईचा पत्ता उघड होणं किती धोक्याचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

तक्रारी गाळू नका. आडनाव ऐकून घर नाकारल्याची गोष्ट जितकी महत्त्वाची, तितकीच ‘आमची गल्ली आता ओळखू येत नाही’ म्हणणाऱ्या जुन्या रहिवाशाचीही.

गोर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं, की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीचा दर्जा, सामायिक उद्दिष्ट, एकत्र काम आणि संस्थेचा पाठिंबा लागतो. म्हणून खर्च कुठे करायचा, कुठली गोष्ट ठेवायची, हे ठरवणाऱ्या समितीत नवे-जुने दोघेही हवेत. जुने कायमचे यजमान आणि नवे कायमचे पाहुणे, असं होऊ देऊ नका.

मग गोष्टींना वस्तीतच जागा द्या. कोपनहेगनच्या नॉरेब्रो भागात २०१२ साली सुपरकीलेन हे उद्यान खुलं झालं. तिथल्या बाकांपासून कारंज्यापर्यंत कितीतरी वस्तू ६०हून अधिक देशांशी नातं सांगतात, आणि अनेक वस्तू रहिवाशांनीच सुचवल्या. काही वस्तूंसाठी तर कलाकार रहिवाशांना सोबत घेऊन त्या त्या देशात गेले. एवढा निधी नसेल तर जिन्याची भिंत, बसथांबा पुरे. एक वाक्य, सांगणाऱ्याच्या भाषेत आणि सगळ्यांना कळणाऱ्या भाषेतही. वाचता न येणाऱ्यांसाठी आवाजाची सोय ठेवा.

आता हवं तर स्टेज बांधा. पण रेकॉर्ड केलेल्या गोष्टींचं पहिलं श्रवण फक्त त्या सांगणाऱ्यांसाठी, दारं लावून. त्यांची हरकत नसेल तेवढंच पुढे बाहेर लावा.