ग्लियावर प्रकल्प घेताय? आधी कोंबडी आणि मासा

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पाला ग्लिया (मेंदूतल्या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) हा विषय घेतला की पहिली चूक होते ती पुस्तकातल्या चित्रामुळे. ते चित्र असतं उंदराच्या किंवा माणसाच्या ॲस्ट्रोसाइटचं, ताऱ्यासारख्या फांद्या फुटलेल्या पेशीचं. सरड्याच्या मेंदूत मात्र मुख्य पेशी वेगळीच. तिचं अंग मेंदूच्या पोकळीच्या भिंतीशी असतं आणि तिथून निघालेला लांब तंतू मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागाला जाऊन भिडतो. ही रेडियल ग्लिया. सस्तन प्राण्यांत ती गर्भात असते, पुढे डोळ्याचा पडदा, लहान मेंदू अशा थोड्या जागी उरते. मासे, कासव, सरडा यांच्यात ती आयुष्यभर टिकते. मगरींत जोडीला ताऱ्यासारख्या पेशीही दिसतात, आणि पक्ष्यांत ॲस्ट्रोसाइटच जास्त. सरड्याच्या मेंदूतल्या काही चेतापेशी नष्ट झाल्या तरी पोकळीच्या भिंतीवर पेशीविभाजन होऊन नव्या तयार होतात. या विषयाचं खरं मोल इथे आहे.

रानातून सरडा धरून आणून सुरुवात करू नका. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी मंजुरी आणि वनविभागाची परवानगी लागते का याची चौकशी, ही दोन्ही कामं पहिल्या सत्रातच हाती घ्या. घोरपडीचा तर विचारही नको, ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मंजुरी येईपर्यंत हात बसवायला चिकनच्या दुकानातली मुंडकी आणि बाजारातला ताजा रोहू पुरतो. सकाळी लवकर जा, बर्फाचा डबा सोबत ठेवा, अर्ध्या तासात मेंदू फिक्सेटिव्हमध्ये (ऊती कुजू न देता टिकवणाऱ्या द्रवात) पडला पाहिजे. दुपारी टोपलीत राहिलेल्या माशाचा मेंदू बोटाला लागताच विरघळतो, त्यावर वेळ घालवू नका. माशाचा पुढचा मेंदू बाहेरच्या बाजूला उलगडलेला असतो, त्यामुळे त्याची पोकळी वरच्या अंगाला येते आणि तिचं पातळ छत काढतानाच फाटतं. सरावाला मध्यमेंदूचा टेक्टम, म्हणजे त्याचा वरचा थरांचा भाग, घ्या. तिथे तंतू थरांना छेदत सरळ वर जाताना दिसतात.

फिक्सेटिव्ह म्हणजे ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ७.४. विरघळवताना ६० अंशांच्या वर नेऊ नका, काम धूरकपाटातच, हातमोजे घालून. ऊतीच्या किमान दहापट द्रव आणि ४ अंशांवर एक रात्र एवढं बास. आठवडाभर पडून राहिलं की प्रथिनं इतकी घट्ट बांधली जातात की अँटीबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारा रेणू) नीट चिकटत नाही. मग काप १० मिलिमोलर सायट्रेट बफरमध्ये (पीएच ६) ९५ अंशांवर २० मिनिटं ठेवून पाहा. बफरला डिस्टिल्ड पाणीच वापरा. बोअरच्या जड पाण्यात फॉस्फेट टाकलं की कॅल्शियममुळे ते दुधाळ होतं. तेच पाणी हिमॅटॉक्सिलिनला (केंद्रकं रंगवणाऱ्या रंगाला) निळेपणा आणायला मात्र छान चालतं!

आता सर्वात नाजूक भाग: काप कोणत्या दिशेने घ्यायचा. तंतू पोकळीपासून पृष्ठभागापर्यंत जातो, म्हणून कापाची पातळीही त्याच रेषेत हवी. मेंदू बसवलेला ब्लॉक जरा कलला की तंतू मध्येच तुटतो. स्लाइडवर ठिपके आणि आखूड तुकडे दिसतात, आणि नवखे त्यांनाच ॲस्ट्रोसाइट समजून मोजत बसतात. पॅराफिनच्या (मेणातल्या) ६ ते ८ मायक्रॉनच्या कापात हे हमखास होतं. क्रायोस्टॅट (गोठवून काप घेणारं यंत्र) किंवा व्हायब्रोटोम (थरथरत्या पात्याने काप घेणारं यंत्र) मिळत असेल तर ३० ते ४० मायक्रॉनचे काप घ्या. क्रायोस्टॅटसाठी आधी ३० टक्के साखरेच्या द्रावणात मेंदू तळाला बसेपर्यंत ठेवा. पॅराफिनवरच भागवायचं असेल तर एप्रिल-मेची दुपार टाळा. ४२ अंशांत मेण मऊ पडतं, काप सुरकुततो. पहाटे बसा आणि दर दहा-बारा कापांनंतर ब्लॉकवर बर्फाचा खडा फिरवा.

जीएफएपी या ग्लियातल्या तंतुमय प्रथिनाची अँटीबॉडी बहुधा सस्तन प्राण्यांसाठी बनवलेली असते. सरड्यासाठी सशात बनवलेली पॉलिक्लोनल (एकाच प्रथिनाचे अनेक भाग ओळखणारी) घ्या, १:२०० ते १:१००० अशी विरलता चाचपून पाहा, आणि प्रत्येक खेपेला उंदराचा एक काप व प्राथमिक अँटीबॉडी न लावलेला एक काप सोबत चालवा. रंग आला नाही म्हणजे तिथे ग्लिया नाही असं कधीही लिहू नका. व्हिमेंटिन आणि ग्लुटामिन सिंथेटेज या ग्लियातल्या दुसऱ्या प्रथिनांच्या अँटीबॉडी लावून बघा. अँटीबॉडीची कुपी आल्याबरोबर लहान भाग करून गोठवा. लाईट जाऊन ती तीनदा वितळली की पैसे पाण्यात.

कोंबडी, सरडा, मासा यांच्या तांबड्या रक्तपेशींना केंद्रक असतं, हे वाचलेलं असूनही स्लाइडवर विसरायला होतं. बारीक केशवाहिनीत एकामागे एक अडकलेली गडद लंबगोल केंद्रकं मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) म्हणून मोजली जातात. फोकस हळू वरखाली करा. दोन्ही बाजूंना वाहिनीची भिंत दिसली तर ते रक्त आहे. याच रक्तपेशी डॅबसोबत (अँटीबॉडीची जागा तपकिरी दाखवणारं रसायन) आपोआप तपकिरी होतात, म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइड द्या, आणि बाटली ताजी असू द्या.