फुटबॉल, स्कॉलरशिप आन घरचं पाणी : आठवीतल्या पोराचं तिन्ही कसं जमवायचं

माझा पोरगा आठवीत, लेफ्ट विंगला खेळतो. घरात रोज एकच भांडण, खेळ बंद कर आन अभ्यासाला बस. वर्षभर धडपडून जे जमलं ते सांगतो.

आधी टाइमटेबल पाण्यावरून लावा. हसू नका बे, सोलापुरात नळ रोज कुठं येतो? ज्या दिवशी पाण्याची पाळी त्या दिवशी प्रॅक्टिसला सुट्टी, पोरगा आजीसोबत बॅरल आन घागरी भरणार. बाकीचे दिवस सकाळी सहाला मैदानावर, कारण एप्रिल-मे मध्ये आठ वाजले की डोक्यावर तवाच ठेवल्यासारखं होतं. हे ठरलं आन त्याच्या आईची कुरकुर निम्मी झाली.

आता स्कॉलरशिप, हे नीट वाचा. आठवीत एनएमएमएस (कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार पोरांसाठी केंद्र सरकारची स्कॉलरशिप) परीक्षा असते, पास होऊन मेरिटमध्ये आला तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये थेट खात्यावर. घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे, सातवीला 55 टक्के पाहिजेत (एससी, एसटीला 5 ची सवलत), आन शाळा सरकारी, नगरपालिकेची नाहीतर अनुदानित असावी, विनाअनुदानितवाल्यांना मिळत नाही. 90-90 मार्कांचे दोन पेपर, एक बुद्धिमत्तेचा आन एक शाळेच्या विषयांचा. बुद्धिमत्तेचे प्रश्न रोज वीसच सोडवायचे, पण सोडवायचेच, मॅच असली तरी. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सगळं गावच तिथं रांगेत असतं.

मॅचचं सर्टिफिकेट मिळालं की त्याच दिवशी झेरॉक्स आन मोबाइलवर फोटो. दहावीला खेळाचे ग्रेस मार्क असतात पण आपोआप पडत नाहीत, शाळेतून प्रस्ताव वेळेत गेला पाहिजे. माझ्या वेळी सर म्हणले "बघतो", मी पण विचारलं नाही, राहिलंच ते. म्हणून दर आठवड्याला जाऊन विचारा, लाज कसली त्यात.

पोरगं म्हणलं ना की खेळाडूला अभ्यास कशाला, तर त्याला तालिमेरेन आओची गोष्ट सांगा. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला भारताच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन, आन तेव्हा कलकत्त्यात डॉक्टरकी शिकत होता. वडलांची इच्छा होती पोरानं डॉक्टर व्हावं. फ्रान्सशी आपण 2-1 हरलो, आपले बरेच जण बिनबुटाचे खेळले, दोन पेनल्टी वाया गेल्या. नंतर हा माणूस डॉक्टर होऊन नागालँडला परत गेला आन तिथंच सरकारी दवाखान्यात लोकांची सेवा केली. आपल्याकडं चीनला गेलेले डॉ. कोटणीस सगळ्यांना माहितीयेत, हे नाव मात्र फुटबॉलवाल्यांना पण माहिती नसतं.

सेवेचं म्हणाल तर लांब जायची गरज नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा आषाढीला पाणी वाटणं चांगलंच, पण ते दोन दिवसाचं काम. आमच्या पोराला मी रविवारी सकाळी गल्लीतली सात-आठ लहान पोरं दिलीत फुटबॉल शिकवायला, फुकट. त्याचा स्वतःचा पास त्यामुळं सुधारला हे नवल. पोरींना पण घ्या, घरचे नाही म्हणले तर पहिल्या रविवारी त्यांच्या आईलाच मैदानावर बोलवा. आन बॉल चार नंबरचा घ्या, पाच नंबरचा त्या पिल्लांना जड जातो.