रास्पबेरी पाय मंदावला? रीबूट करण्याआधी या चुका टाळा

रास्पबेरी पाय म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा लिनक्स कॉम्प्युटर. "पाय स्लो झालाय, काय करू?" असं विचारणारा सोबत 'टॉप' या कमांडचा स्क्रीनशॉट पाठवतो. कोणती प्रोसेस किती सीपीयू खातेय एवढं त्यात दिसतं. बोर्डाला पुरेशी वीज मिळतेय का, ते दिसत नाही. आणि दुखणं बरेचदा तिथंच असतं.

माझ्या निफाडच्या मावसभावाने द्राक्षबागेतल्या पंपघरात पाय ४ बसवला. दोन कॅमेरे आणि यूएसबीवर जुनी हार्ड डिस्क. संध्याकाळी सातला दिवसभराचं फुटेज डिस्कवर जायला लागलं की सगळं रेंगाळायचं. "दादा, चार जीबी रॅम पुरत नाही, आठवाला घेऊ का?" मी म्हटलं थांब, आणि दोन संध्याकाळी घरून लॉगिन करून बघत बसलो. सगळं स्वच्छ. सीपीयू निम्म्याहून जास्त रिकामा, तापमान ५२ अंश. माझंच डोकं तापलं.

तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. मला फोन करायच्या आधी हा पठ्ठ्या दर वेळी रीबूट मारत होता! म्हणजे मी पोचेपर्यंत पुरावा पुसलेला. "आज हात लावू नकोस," असं दटावलं आणि सातला व्हीसीजेनसीएमडी या पायच्याच टूलची गेट-थ्रॉटल्ड ही कमांड चालवली; वीज किंवा वेग कमी पडला का, ते ती सांगते. उत्तर आलं ५०००५.

हा आकडा पाठ करून ठेवा. उजवीकडचा ५ म्हणजे ४ अधिक १: या क्षणी व्होल्टेज कमी आहे (१) आणि प्रोसेसरचा वेग कापलेला आहे (४). डावीकडचा ५ म्हणजे हेच दोन प्रकार बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी घडून गेलेत. सकाळी नुसतं ५०००० दिसलं तर "आता ठीक आहे" म्हणून खूश होऊ नका. रात्री काहीतरी झालेलं आहे. रीबूट केलं की डावीकडचा ५ही जातो.

पंपघरात जाऊन पाहिलं तर मोबाइलचा चार्जर आणि सुतळीएवढी बारीक दोन मीटरची केबल. भाऊ म्हणे, "पण चार्जरवर पाच व्होल्ट छापलंय की!" छापलेलं चार्जरच्या तोंडाशी असतं. बारीक वायरीत व्होल्टेज घटून बोर्डापाशी किती उरतं ते महत्त्वाचं, आणि ४.६३ व्होल्टच्या आसपास पाय कुरकुरायला लागतो. डिस्क फिरायला लागली की नेमकं तेच होत होतं. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अधिकृत अडॅप्टर लावला, विषय संपला. अडॅप्टरवर पैसे वाचवून मोठा बोर्ड घेणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. फ्री कमांडमध्ये 'फ्री' रकाना बघून रॅम संपली म्हणून ओरडू नका, 'अव्हेलेबल' बघा. तापमानाच्या थर्मल फाइलमध्ये ४८३१२ दिसलं तर ते अंशाच्या हजाराव्या भागात, म्हणजे ४८.३ अंश; एकाने मला घाबरून फोटो पाठवला होता. केसचं झाकण उघडं ठेवून तापमान मोजू नका. पाय ४ साधारण ८० अंशांना वेग कमी करायला लागतो, तर जुना पाय ३ बी प्लस साठीलाच १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर येतो. चार कोअरवर लोड (चालू आणि खोळंबलेल्या कामांची सरासरी) ६ आणि सीपीयू मात्र निवांत? लिनक्स डिस्कची वाट बघणाऱ्या प्रोसेसही लोडमध्ये धरतं. व्हीएमस्टॅट कमांडमधला 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) रकाना फुगलेला असेल तर आधी एसडी कार्डावर संशय घ्या.

आणि एक जीबीच्या पाय ३ वर प्रोमिथियस (आकडे गोळा करणारं), ग्राफाना (त्यांचे आलेख काढणारं) वगैरे सगळा फौजफाटा चढवून दर सेकंदाला नोंद घेणारे! पेशंटच्या छातीवर बसून नाडी बघण्यातला प्रकार. वर सगळं लिखाण त्याच एसडी कार्डावर. रंगीत आलेख पहिल्याच दिवशी हवेत, दुसरं काय. माझ्याकडे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारी लिनक्सची सोय) चार ओळींची स्क्रिप्ट आहे: मिनिटाला एकदा वेळ, तापमान, लोड आणि तो थ्रॉटल्डचा आकडा, थेट घरातल्या जुन्या लॅपटॉपवर. दिसायला भिकार, पण कुणी घाईने रीबूट मारलं तरी सातला काय झालं ते मला दिसतं.

भावाच्या पायवर तीच स्क्रिप्ट घातलीय. तो चार्जर मात्र त्याने जपून ठेवलाय. परवा म्हणत होता, "दुसरा पाय घेतला की त्याला होईल."