घरातलं सामान दान करताय? या चुका टाळा

पुनर्विकासासाठी घर रिकामं करायची नोटीस येते, भाड्याची जागा ठरते, ताबा द्यायला आठ दिवस उरतात आणि घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘देऊन टाकू कुणालातरी.’ त्या ‘टाकू’तच गडबड आहे. दानात आलेलं जुनं सामान विकून गरजूंच्या घरबांधणीसाठी किंवा घरदुरुस्तीसाठी पैसा उभा करणारं दुकान हे शेवटी दुकान असतं. वस्तू विकली गेली तर त्यातून सिमेंट-पत्रे येतात. नाही विकली गेली तर ती तिथून हलवायचा खर्चही संस्थेच्याच माथी बसतो.

न विचारता पाठवणं

अशा दुकानांचं सगळ्यांत माहितीचं उदाहरण म्हणजे हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरबांधणीला मदत करणाऱ्या संस्थेची ‘रीस्टोअर’ दुकानं. पहिलं १९९१ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला निघालं. तिथे फर्निचरच काय, दारं, फरशा, बेसिनसुद्धा विकली जातात. मुंबईत असा एकच साचा नाही. काही संस्था सामान विकतात, काही थेट वाटतात, ‘गूंज’ ही संस्था ते गावातल्या लोकांनी केलेल्या कामाच्या बदल्यात देते. म्हणून फोनवरचा पहिला प्रश्न ‘कधी न्याल?’ नसावा, ‘विकता की वाटता?’ असावा. सागवानी शोकेस विकायच्या ठिकाणी कामाची, वाटायच्या ठिकाणी अडगळ. चादरी, टोप, बादल्या यांचं नेमकं उलट.

दुसरी गल्लत फुकट टेम्पोची, म्हणजे सामान न्यायचा खर्च संस्थाच करेल असं गृहीत धरण्याची. समजा, टेम्पो आणि दोन हमाल मिळून १,८०० रुपये गेले आणि कपाट २,००० ला विकलं. संस्थेच्या हातात राहिले २००. त्यात सिमेंटची धड एक गोणीही येत नाही. एकच वस्तू असेल तर टेम्पोचे पैसे आपण द्यावेत, नाहीतर विंगमधल्या चार घरांचं सामान एका खेपेत पाठवावं.

लांबून काढलेला एक फोटो

व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोत सोफ्यापेक्षा त्यावर बसलेली नातवंडंच जास्त दिसतात. फोटो चार हवेत: समोरून, मागून, जिथे खराबी आहे तिथून आणि विजेची वस्तू असेल तर मागच्या लेबलचा. सोबत लांबी, रुंदी, उंची इंचांत. मग मजला, लिफ्टच्या दाराची उंची, जिन्याची रुंदी आणि टेम्पो दारापर्यंत येतो का, तेही कळवा. ‘छोटा हत्ती’ टेम्पोचा हौदा साधारण ७ फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. ५ बाय साडेसहाचा पलंग त्यात आडवा बसत नाही, म्हणजे तो आधी सुटा करून ठेवायला हवा.

सुटा करतानाही भान ठेवा. सागवान किंवा चांगल्या प्लायचा पलंग खोलून पुन्हा जोडता येतो. दाबलेल्या भुशाच्या बोर्डाचा पलंग किंवा वॉर्डरोब एकदा उघडला की स्क्रूची भोकं सैल होतात आणि दुसऱ्यांदा स्क्रू पकडत नाही. त्यात एखादा पावसाळा भिंतीची ओल लागली असेल तर कडा पापडासारख्या फुगलेल्या असतात. असं फर्निचर दान करण्याच्या लायकीचं नसतं, मग नवीन असताना ते चाळीस हजारांचं का असेना.

कपाट आणि किल्ली

मराठी घरात लोखंडी कपाट कुठल्याही कंपनीचं असो, ते ‘गोदरेजचं’च असतं. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद. दानात आलेल्या कपाटांची सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे किल्ली नसणं. चावीवाला बोलवून लॉकर उघडायचा, कुलूप बदलायचं, हा खर्च विक्रीच्या किमतीतूनच जातो.

कपाट उतरवायच्या आदल्या रात्री ते पूर्ण रिकामं करा. फळ्यांवर घातलेले वर्तमानपत्राचे कागद उचला, त्यांखाली मुदत ठेवीच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट, जुन्या नोटा असतात. लॉकरच्या आतला चोरकप्पा हात घालून चाचपा. मग फळ्या आणि हँगरचा दांडा काढून वेगळे बांधा. हमाल डोक्यावर चुंबळ ठेवून कपाट एकट्याच्या पाठीवर घेतो. आत फळ्या सुट्या राहिल्या तर जिन्याच्या वळणावर सगळं वजन झपकन एका बाजूला सरकतं आणि माणूस तोल जाऊन पडू शकतो. दार किल्लीने लावा, वरून दोरी बांधा आणि किल्ली पाकिटात घालून कपाटाच्या पाठीला चिकटपट्टीने लावा. ‘आठवणीने’ आत ठेवून दार ओढून घेणारे कमी नाहीत.

ढेकूण झाकून देणं

ही चूक एका वस्तूपुरती राहत नाही. ढेकणांचा एक सोफा गोदामात गेला की आसपासचे दहा सोफे बाद होतात. तपासायला पाच मिनिटं लागतात. टॉर्च घेऊन गादीची शिवण, सोफ्याच्या तळाचं कापड, पलंगाच्या सांध्यांतल्या फटी आणि स्क्रूची भोकं बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसा. शाईसारखे पसरले तर ती ढेकणांची विष्ठा. वरवर स्प्रे मारून वस्तू देऊ नका. फटीतली अंडी शाबूत राहतात आणि गोदामात पोचल्यावर फुटतात.

लाकडात मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. पायाशी पिठासारखा भुसा आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर भुंगेरा. बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर ते लाकूड द्यायचं नाही.

वापरलेल्या गाद्या बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. कापसाची असेल तर पिंजून नवी करता येते. फोमची असेल तर विचारण्यात वेळ घालवू नका.

‘बंद आहे, पण थोडंसंच काम आहे’

थोडंसंच काम असेल तर ते करूनच द्या. खूपदा ते खरंच थोडंसं असतं. मिक्सर अचानक बंद पडला की घरात तो ‘जळाला’ असं जाहीर होतं. प्लग काढून तो उलटा करा. तळाशी बहुधा लाल रंगाचं छोटं बटण असतं, ते ओव्हरलोडचं. ओल्या खोबऱ्याचं घट्ट वाटण घातलं की मोटर तापते आणि बटण बाहेर येतं. थंड झाल्यावर दाबलं की मिक्सर सुरू. पंखा रेग्युलेटर पाचवर ठेवूनही संथ फिरत असेल तर पाते आणि मोटर सोडून आधी कपॅसिटर बघायला सांगा. छताच्या साध्या पंख्यात तो बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो. वायरमन थोड्या पैशांत बदलून देतो आणि तोच पंखा भंगाराऐवजी दुकानाच्या हुकाला लागतो. दांडा आणि वरची वाटी सोबत द्यायला विसरू नका, नाहीतर पंखा लावणार कसा?

फ्रीज न्यायच्या आदल्या दिवशी बंद करा, बर्फ पूर्ण वितळू द्या, मागचा पाण्याचा ट्रे रिकामा करा. आतून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून दार फटीएवढं उघडं ठेवा. दार बंद ठेवलेल्या फ्रीजमध्ये चार दिवसांत बुरशीचा वास बसतो आणि तो विक्रीला मारक ठरतो. नेताना फ्रीज उभाच हवा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. तसं झालंच तर उभा करून २४ तास थांबायचं आणि मगच चालू करायचा. दुकानात आल्या आल्या ‘बघू चालतोय का’ म्हणत लगेच प्लग लावला तर कॉम्प्रेसर जाण्याची भीती असते.

फ्रंटलोड वॉशिंग मशीनच्या मागे, नवीन असताना काढलेले वाहतुकीचे बोल्ट पुन्हा लावायचे असतात. नाहीतर ड्रम हेलकावतो आणि स्प्रिंगा निखळतात. बोल्ट हरवले असतील तर निदान सांगा, म्हणजे मशीन सांभाळून नेतील. खालच्या फिल्टरमधलं पाणी परातीत काढून टाका.

स्प्लिट एसी शेजारच्या सुताराकडून काढून घेणं ही महागातली चूक. मेकॅनिक आधी एसी कूलिंगवर चालवतो, बाहेरच्या युनिटची बारीक नळीकडची वॉल्व्ह बंद करतो, गॅस आत ओढला गेला की जाड नळीकडची बंद करतो आणि लगेच एसी थांबवतो. हे न करता नळी कापली की सगळा गॅस उडून जातो. आताच्या बऱ्याच एसींत आर-३२ गॅस असतो, तो थोडा ज्वालाग्राहीही असतो.

जे द्यायचंच नाही

गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर तुमचे नसतात, कंपनीचे असतात. एजन्सीकडे परत करा, अनामत मिळते. शेगडी चालेल, पण जुनी रबरी नळी नको. इन्व्हर्टरची बॅटरी विक्रेत्याकडे द्या, त्यात शिसं आणि ॲसिड असतं. जुना डबा टीव्ही कुणी विकत घेत नाही आणि त्याच्या काचेतही शिसं असतं. तो अधिकृत ई-कचरा केंद्रात. स्मार्ट टीव्ही देताना मात्र फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर नव्या घरात तुमच्याच खात्यावर मालिका चालतील. देवांचे फोटो आणि टाक देवघरातून आधी काढून घ्या. दुकानातली माणसं ते विकू शकत नाहीत, टाकूही शकत नाहीत.

दारं, खिडक्यांच्या सरकत्या काचा, ओट्याचा ग्रॅनाइट काढण्याआधी पुनर्विकासाचा करार वाचा. बऱ्याचदा असं सामान बिल्डरकडे किंवा पाडकाम करणाऱ्याकडे जायचं ठरलेलं असतं.

वेळ चुकणं

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, साफसफाईमुळे गोदामं भरलेली असतात. लाकूड आणि सोफे जून ते सप्टेंबर नकोत, एका सरीत माल जातो. नोव्हेंबर ते मे बरा. सोसायटीचा गेटपास आदल्या दिवशी सेक्रेटरीकडून सहीसकट घ्या आणि सामानासाठी लिफ्ट कोणत्या वेळेत मिळते ते विचारून टेम्पोची वेळ ठरवा. वॉचमनने अडवलेल्या टेम्पोचा वेटिंग चार्ज कुणी भरायचा, यावरून दान बाजूला राहतं आणि भांडण सुरू होतं.

नकार आला तर

नकाराचा राग मानू नका. संस्थेची नोंदणी मुंबईत वरळीला असलेल्या धर्मादाय आयुक्तांकडे आहे का, हे मात्र बघून ठेवा, कारण पुढचा मार्ग पैशाचा आहे. वस्तूंच्या दानावर आयकरातली दानाची सवलत (जिला ‘८०जी’ म्हणतात) मिळत नाही, पावतीवर कितीही मोठी किंमत लिहून आणली तरी. जे दुकानाला नको ते भंगारवाल्याला किंवा ओशिवराच्या जुन्या फर्निचरवाल्यांना विका आणि आलेले पैसे त्याच संस्थेला यूपीआयने किंवा चेकने द्या. २,००० रुपयांवरची रोख रक्कम सवलतीत धरत नाहीत, आणि ही सवलत जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनाच मिळते. पावती घेताना त्यावर तुमचा पॅन नंबर आणि संस्थेचा ८०जी नोंदणी क्रमांक आहे ना, ते तिथल्या तिथे तपासा.