पहिलं बॅरिटोन युकुलेले घेताना

मी चिपळूणची. संधिवातामुळे गिटारचा रुंद गळा पकडवेना, म्हणून बॅरिटोन युकुलेले घेतलं. युकुलेले म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, आणि बॅरिटोन हा त्याचा मोठा प्रकार. त्याच्या चार तारा डी-जी-बी-ई या सुरांना लावतात, म्हणजे गिटारच्या सगळ्यात बारीक चार ताराच. गिटारवरची बोटांची जुनी ठेवण तशीच कामी आली. तुम्ही मात्र लहान युकुलेलेचे धडे बघून शिकणार असाल तर आधी हे समजून घ्या: तिथे जी-सी-ई-ए असतं. तिथला सी कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा) बोटांचा आकार बॅरिटोनवर धरलात की जी कॉर्ड वाजतो. शिकवणी निवडतानाच हे विचारा.

बॅरिटोनची लांबी साधारण ३० इंच. कमी पैशांत अखंड लाकडाच्या वाद्याचा हट्ट नको. आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत थर चिकटवलेलं लॅमिनेट कमी फुगतं, आणि मला तेच आवडतं.

दुकानात घाई करू नका. मोबाईलवर ट्यूनर, म्हणजे सूर दाखवणारं अ‍ॅप, उघडा. प्रत्येक तार आधी मोकळी छेडा, मग बाराव्या फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून. तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. चढा आला तर ते वाद्य खाली ठेवा, कितीही देखणं असो. बाराव्या फ्रेटपाशी तार तीन मिलीमीटरहून फार उंच असेल तर बोटं दुखतील. गळ्याच्या कडेने बोट फिरवा, फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. खुंट्या दातेरी चाकाच्याच घ्या.

स्टीलच्या तारा कधीही चढवू नका, त्या ताणाने ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली खालची पट्टी, उखडतो. नव्या नायलॉन तारा आठवडाभर उतरत राहतात. तेवढे दिवस रोज सूर लावत राहा.